शाळेतल्या पुडिंगसाठी ब्रिटन एवढा हळवा का होतो?

आमच्या शेजारी पंच्याहत्तरी उलटलेल्या एक आजी राहतात. आम्ही इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहायला आलो तेव्हापासूनचा त्यांचा शेजार. माझा मुलगा शाळेतून आला की कुंपणापलीकडून त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "आज पुडिंग काय होतं?" परवा तो म्हणाला, "स्पंज आणि कस्टर्ड." आजींनी लगेच विचारलं, "कस्टर्ड कुठल्या रंगाचं?" "पिवळं." आजी हिरमुसल्या. "आमच्या वेळी गुलाबी असायचं," म्हणाल्या, आणि पुढची वीस मिनिटं हातातली पाण्याची झारी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. पहिलीच्या बाईंचं नाव त्यांना आठवेना. पण कस्टर्डच्या ॲल्युमिनियमच्या भांड्याला कानाजवळ एक पोचा होता आणि ते भांडं आपल्याच टेबलावर यावं म्हणून मुलं धडपडायची, हे त्यांना लख्ख आठवत होतं.

इथे नवीन आलेल्या माणसाला ही गोष्ट चक्रावून टाकते. ब्रिटिश माणूस स्वतःबद्दल फारसं बोलत नाही असा आपला समज असतो. पण शाळेतल्या पुडिंगचा विषय निघाला की बसमधला शेजारी, ऑफिसातला साहेब, दवाखान्यातली नर्स, सगळे एका सुरात बोलू लागतात. आणि सध्या हा विषय बातम्यांतही आहे. सप्टेंबर २०२६पासून इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता मिळणाऱ्या प्रत्येक घरातल्या मुलाला शाळेत मोफत जेवण मिळेल, असं सरकारने जून २०२५मध्ये जाहीर केलं. शाळेच्या जेवणाचे नियमही नव्याने ठरवणार असल्याचं त्याच वेळी सांगितलं. नियम म्हटले की साखर आली, आणि साखर म्हटली की पुडिंग आलंच. एका गोड पदार्थात एवढं काय आहे, हे मुळापासून पाहू.

## आधी दोन शब्द समजून घेऊ

आपल्याकडे डिनर म्हणजे रात्रीचं जेवण. ब्रिटनच्या शाळेत मात्र दुपारच्या जेवणालाच डिनर म्हणतात, कारण इथल्या कष्टकरी घरांत दिवसाचं मुख्य जेवण दुपारीच व्हायचं. ते वाढणाऱ्या बायका म्हणजे डिनर लेडी. आपल्या शाळेतल्या खिचडीच्या मावशी जशा, तशाच.

दुसरा शब्द पुडिंग. तो ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर अंड्या-दुधाचं, वर कॅरमल असलेलं थरथरतं पुडिंग येतं. इथे जेवणानंतरच्या कुठल्याही गोडाला पुडिंग म्हणतात. "पुडिंगला काय आहे?" याचं उत्तर "सफरचंद" असंही असू शकतं. पण शाळेच्या आठवणीतलं पुडिंग म्हणजे गरम, जड, पोटभरीचं आणि वरून कस्टर्ड ओतलेलं. या लेखात पुडिंग म्हणजे हेच.

## ताटात नेमकं काय असायचं?

पहिला मान वाफवलेल्या पुडिंगांचा. जॅम रोली-पोली म्हणजे पिठाची पोळी लाटून तिला जॅम फासायचा, गुंडाळी करायची, कापडात बांधायची आणि उकडायची. आळूवडीचा उंडा डोळ्यांसमोर आणा, फक्त आत चिंच-गुळाऐवजी जॅम. पूर्वी घराघरांत ही गुंडाळी जुन्या सदऱ्याच्या बाहीत घालून उकडत, म्हणून तिला 'मेलेल्याचा हात' असंही नाव पडलं. त्याच पिठात बेदाण्यासारखे काळे मनुके घातले की झालं स्पॉटेड डिक.

या पिठाचं मर्म सूएटमध्ये आहे. सूएट म्हणजे गाय-बैलाच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतालची कडक चरबी. ती किसून मैद्यात मिसळतात. लोण्यापेक्षा ती उशिरा वितळते. तोवर भोवतालचं पीठ वाफेने घट्ट होत आलेलं असतं, आणि चरबी वितळली की तिच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. म्हणून एवढं जड दिसणारं पुडिंग तोंडात हलकं लागतं. शाकाहारी घरांनी इथे थोडं थांबायला हवं. सूएट दुकानात पाकिटात मिळतं आणि वरवर पाहून ते कशाचं आहे हे कळत नाही. वनस्पती तेलापासून केलेलं सूएटही त्याच फळीवर असतं.

ट्रीकल स्पंज हे तिसरं. यात वर गोल्डन सिरप ओघळत असतं. साखर शुद्ध करताना उरणाऱ्या रसापासून ते करतात. दाटपणात काकवीसारखं, रंगाने मधासारखं. लंडनच्या पूर्व भागात एब्रम लाइल यांच्या कारखान्यात १८८०च्या दशकात ते डब्यात भरून विकायला सुरुवात झाली. त्याचा हिरवा-सोनेरी डबा आजही इथल्या स्वयंपाकघरांत दिसतो.

मग येतात मोठ्या ट्रेमध्ये भाजून वड्यांसारखे चौकोन पाडायचे प्रकार. पांढरं आयसिंग आणि वर रंगीत साखरदाणे लावलेला स्पंज. मँचेस्टर टार्ट, म्हणजे खुसखुशीत तळावर रास्पबेरी जॅम, त्यावर गार कस्टर्डचा थर आणि वर खोबऱ्याचा कीस. केंट परगण्यातला जिप्सी टार्ट, ज्यात डब्यातलं आटवलेलं दूध आणि काळपट साखर फेस येईपर्यंत घोटून भरतात. कॉर्नफ्लेक्स सिरपमध्ये घोळवून जॅमवर पसरलेला टार्ट. तो कडक व्हायचा, आणि चमचा मारला की तुकडा शेजाऱ्याच्या ताटात उडायचा, असं प्रत्येक जण सांगतो.

आणि शेवटी दुधातली पुडिंगं. ही ऐकून मी थक्क झाले होते. सेमोलिना पुडिंग म्हणजे दुधात शिजवलेला रवा, मधोमध चमचाभर लाल जॅम. राइस पुडिंग म्हणजे तांदळाची खीर, फक्त वेलची-केशराविना. टॅपिओका म्हणजे साबुदाण्याची खीर. आपला साबुदाणाही कसाव्याच्या कंदापासूनच होतो, तेव्हा पदार्थ अक्षरशः एकच. ज्या खिरीची आपण उपासाच्या दिवशी वाट पाहतो, तिला इथली मुलं 'बेडकाची अंडी' म्हणायची आणि नाक दाबून गिळायची. ब्रिटनमध्ये ना तांदूळ पिकत, ना साबुदाणा, ना नारळ, ना ऊस. साम्राज्याच्या बोटींनी आणलेल्या मालावर या देशाचं 'अस्सल देशी' पुडिंग उभं राहिलं, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्या साखरेच्या मागे कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांचे हाल होते.

या सगळ्यांना एकत्र बांधणारं म्हणजे कस्टर्ड. मुळातलं कस्टर्ड अंड्याच्या बलकाचं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या बायकोला अंडी चालत नसत, म्हणून त्यांनी १८३७ साली कॉर्नफ्लॉवर वापरून बिनअंड्याची पूड तयार केली. पुण्याच्या वेकफील्डच्या डब्यातून आपण जे कस्टर्ड फळांवर घालत आलो, ते याच पुडीचं भावंड. कॉर्नफ्लॉवरचे कण गरम दुधात पाणी शोषून फुगतात आणि दूध दाट होतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पुडीत स्ट्रॉबेरी किंवा रास्पबेरीचा स्वाद आणि रंग असला की कस्टर्ड गुलाबी. शाळेत चॉकलेटचं तपकिरी आणि पुदिन्याच्या स्वादाचं हिरवंही असायचं. भांडं न ढवळता ठेवलं की वरचं पाणी उडून जातं, प्रथिनं आणि स्टार्च वाळून जाड पापुद्रा धरतो. दुधाच्या सायीवरून घरात जे होतं तेच या पापुद्र्यावरून शाळेत व्हायचं. अर्धी मुलं त्याच्यासाठी भांडायची, अर्धी तो पाहून तोंड फिरवायची.

## सरकारने मुलांना गोड का खाऊ घातलं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी भरती करताना ब्रिटिश सैन्याच्या लक्षात आलं की शहरांतले गरीब तरुण फार खुरटलेले आणि अशक्त आहेत. इकडे ब्रॅडफर्ड या गिरणीच्या शहरात मार्गारेट मॅकमिलन आणि फ्रेड जोएट हे कार्यकर्ते वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले होते. त्यांचं म्हणणं होतं की उपाशी मुलाला शिकवण्यात अर्थ नाही, आणि शिकणं सक्तीचं केलंय तर जेवणही द्या. १९०६ साली कायदा झाला आणि स्थानिक संस्थांना शाळेत जेवण देण्याची मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डने काही मुलांना नियमित जेवण देऊन त्यांची वजनं घेतली. जेवण चालू असताना वजन वाढत गेलं आणि सुट्टीत घसरलं. आज हे आपल्याला उघड वाटतं. तेव्हा ते मोजून दाखवावं लागलं.

पण 'मुभा' आणि 'जबाबदारी' यांत फार अंतर असतं. तीस-पस्तीस वर्षं हे जेवण गरिबांसाठीची मदत म्हणूनच राहिलं. ते बदललं दुसऱ्या महायुद्धाने. बाप सैन्यात, आई कारखान्यात, घरी रेशन. १९४१ साली शाळेच्या जेवणात किती पोषण हवं याची पहिली राष्ट्रीय मोजमापं ठरली. १९४४च्या शिक्षण कायद्याने तर शाळेत जेवण पुरवणं हे स्थानिक शिक्षण संस्थांचं कर्तव्यच करून टाकलं. आता जेवण फक्त गरिबाचं राहिलं नाही. डॉक्टरची मुलगी आणि खाणकामगाराचा मुलगा एकच पुडिंग खाऊ लागले.

आणि इथेच पुडिंगचं गणित सुरू होतं. १९४१च्या मापात एका जेवणातून सुमारे १,००० कॅलरी जायला हव्या होत्या. मांस, लोणी, साखर सगळं रेशनवर. मुलाचं पोट छोटं, भाज्यांनी एवढी ऊर्जा मिळत नाही. मग स्वस्तात ऊर्जा कुठून आणायची? पीठ, चरबी, दूध आणि थोडी साखर. या चार वस्तूंतून अगदी कमी पैशांत गरम, पोटभर दुसरा पदार्थ होतो. त्यावर दुधाचं कस्टर्ड घातलं की प्रथिनं आणि कॅल्शियमही पोटात जातं. मोठमोठ्या भांड्यांत शेकडो मुलांसाठी एकदम वाफवता येतं, ट्रेमधून मोजून कापता येतं, स्वयंपाकघर लांब असेल तर झाकणबंद डब्यांतून गरम पाठवताही येतं. पुडिंग हे जेवणानंतरचं कौतुक नव्हतंच. ते जेवणाचा निम्मा भार उचलत होतं.

आपल्याकडच्या वाचकांना हे सांगताना मला १९७२च्या दुष्काळातली सुकडी आठवते. ती ज्यांनी लहानपणी खाल्ली, त्यांच्यापुढे आज पेढे ठेवले तरी ते सुकडीचीच गोष्ट सांगतात. टंचाईच्या काळात, हिशेबाने बनवलेलं, पण गोड आणि हमखास मिळणारं. ब्रिटनच्या पुडिंगची जात तीच.

आमच्या आजी पाच वर्षांच्या होऊन शाळेत गेल्या त्या सप्टेंबर १९५३मध्ये. साखरेचं रेशनिंग उठलं तो महिना हाच. तेरा वर्षं, जानेवारी १९४०पासून, या देशात साखर मोजून मिळत होती. घरी गोड जपून, आणि शाळेत रोज दुपारी गरम पुडिंग. त्या पिढीला ते काय वाटलं असेल याची कल्पना आपल्याला यावरून येईल.

## खरी आठवण पंगतीची

मला स्वतःला या सगळ्यात पदार्थांपेक्षा वाढण्याची पद्धत महत्त्वाची वाटते. तेव्हा शाळांमध्ये 'फॅमिली सर्व्हिस' नावाची रीत होती. म्हणजे घरच्यासारखं वाढणं. एका टेबलाला साधारण आठ मुलं, लहान-मोठी मिसळून. अन्न मोठ्या भांड्यांत टेबलावर यायचं आणि टेबलावरचं सगळ्यात मोठं मूल ते सगळ्यांना वाढायचं. पुडिंगचा ट्रे आला की आठ सारखे तुकडे पाडायची जबाबदारी त्याची. बाकीच्या सात जणांचे डोळे सुरीवर.

पंगतीत वाढायला मिळालेलं मूल कसं ताठ होतं, हे आपण घरच्या कार्यात पाहिलेलं आहे. आजी शाळेच्या शेवटच्या वर्षी टेबलाच्या प्रमुख होत्या. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, पण ते सांगताना त्यांची मान अजून वर होते. रोली-पोलीचं टोक कोणाला जायचं, हा म्हणे रोजचा वाद असायचा, कारण टोकाला जॅम पोचत नाही.

इथे लोक पुडिंगबद्दल हळवे होतात तेव्हा ते नकळत या टेबलाबद्दल बोलत असतात, असं माझं ठाम मत आहे. आज घरी सेमोलिना करून खायला कोण अडवतंय? रवा दुकानात आहे, दूध आहे, जॅम आहे. तरी करून खाल्ल्यावर ते म्हणतात, "ती मजा नाही." मजा नाही, कारण समोर सात जण बसलेले नसतात.

## मग ही पंगत उठली कधी?

१९८०च्या शिक्षण कायद्याने. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने खर्च कमी करण्यासाठी स्थानिक संस्थांवरची जेवणाची सक्ती काढली. मोफत जेवणाचा हक्क असलेल्या मुलांना देणं तेवढं बंधनकारक राहिलं. पोषणाची मापं गेली, देशभर एकच किंमत ठेवण्याची पद्धत गेली. १९८८नंतर स्थानिक संस्थांना अशा सेवांची निविदा काढावी लागली आणि कमी पैशांत करून देणाऱ्याकडे काम जाऊ लागलं.

परिणाम थेट ताटात दिसला. मोठी भांडी आणि एकत्र टेबलं जाऊन कॅन्टीनसारखी खिडकी आली. ज्याने त्याने ट्रे घ्यायचा, हवं ते उचलायचं, पैसे द्यायचे. चिप्स, बर्गर, पाकीटबंद केक. अनेक ठिकाणी स्वयंपाकघरांत शिजवणं बंद होऊन गोठवलेलं गरम करणं सुरू झालं. वाफवलेलं पुडिंग करायला दोन तास आणि जाणकार हात लागतात. ते सगळ्यात आधी गेलं.

पुढे २००१मध्ये इंग्लंडात पोषणाचे नियम परत आले, पण लोकांचा संताप उफाळला तो २००५मध्ये. शेफ जेमी ऑलिव्हर यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात कॅमेरा नेला आणि मुलांच्या ताटातला टर्की ट्विझलर नावाचा, मांसाच्या लगद्याचा मळसूत्री तुकडा देशाने पाहिला. त्यानंतर नियम कडक झाले. म्हणजे जुनं पुडिंग साखरेच्या नियमांमुळे गेलं, असं जे म्हटलं जातं ते बरोबर नाही. नियम काढून घेतले तेव्हा ते गेलं.

## चव इतकी वर्षं टिकते कशी?

मेंदूत डोळे-कानांकडून आलेली माहिती आधी एका वाटप केंद्रातून पुढे जाते. वासाला त्या केंद्रात थांबावं लागत नाही. तो भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी जवळजवळ थेट जोडलेला असतो. आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा वासच असतो. सर्दी झाली की वरण बेचव लागतं, ते यामुळेच. वासाने जागी होणारी आठवण बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतली असते, असं संशोधकांना वारंवार दिसलं आहे. शाळेतलं पुडिंग नेमकं त्याच वर्षांतलं.

आणखी एक गोष्ट. कुठल्याही अनुभवाची आठवण घडताना त्यातला तीव्र क्षण आणि शेवट यांचा वाटा मोठा असतो. शाळेच्या जेवणाची सुरुवात जास्त उकडलेल्या कोबीने आणि गुठळ्यांच्या बटाट्याने व्हायची. शेवट गरम आणि गोड. साठ वर्षांनी कोबी विसरला जातो, यात नवल नाही.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात आजाराचं नाव होता. १६८८ साली योहानेस होफर या स्विस वैद्यक विद्यार्थ्याने घरापासून दूर गेलेल्यांच्या दुखण्यासाठी तो ग्रीक शब्दांतून घडवला. आता मानसशास्त्रज्ञ त्याला आजार मानत नाहीत. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे. एकटेपणा जाणवला की माणूस जुन्या आठवणीकडे वळतो, आणि त्या आठवणीने आपण कोणाचे तरी आहोत ही जाणीव पुन्हा जागी होते, असं त्यांना आढळलं. परदेशात गौरी-गणपतीच्या दिवशी एकट्याने पुरण वाटणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

## "पण सगळ्यांना कुठे आवडायचं?"

हा आक्षेप अगदी रास्त आहे. याच पिढीतली कित्येक माणसं आजही टॅपिओकाचं नाव काढलं की शहारतात. ताट स्वच्छ केल्याशिवाय उठायचं नाही ही सक्ती होती. गार झालेल्या सेमोलिनासमोर मधली सुट्टी संपेपर्यंत बसून राहिलेली मुलं होती. त्याहून वाईट म्हणजे, मोफत जेवणाऱ्या मुलांना कित्येक शाळांत वेगळ्या रंगाचं तिकीट दिलं जायचं किंवा वेगळ्या रांगेत उभं केलं जायचं. भूक भागायची, पण कोण गरीब हे सगळ्या शाळेला कळायचं. अशा माणसाला पुडिंगचं कौतुक ऐकताना काय वाटत असेल? आठवण निवडक असते. ज्यांना ते टेबल लाभलं ते बोलतात, ज्यांना लाजिरवाणं व्हावं लागलं ते बहुधा गप्प बसतात.

म्हणून मला हल्लीचं एक पाऊल मोलाचं वाटतं. २०१४पासून इंग्लंडच्या सरकारी शाळांत पहिल्या तीन वर्गांतल्या सगळ्या मुलांना मोफत जेवण मिळतं. लंडनमध्ये २०२३पासून सरकारी प्राथमिक शाळेतल्या सगळ्याच मुलांना. सगळ्यांनाच मिळालं की तिकिटाचा रंग उरत नाही.

## "शेवटी मैदा आणि साखरच ना?"

इथे हळवेपणा बाजूला ठेवून बोलायला हवं. ब्रिटनमध्ये सात ते दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला २४ ग्रॅमपेक्षा जास्त वरची साखर खाऊ नये असा सल्ला आहे, म्हणजे साखरेचे सहा चौकोन. वरची साखर म्हणजे पदार्थात घातलेली साखर, शिवाय मध, सिरप आणि फळांच्या रसातली. फळ तसंच खाल्लं तर ते यात धरत नाहीत. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा संपवताना पाचातलं एकाहून जास्त मूल स्थूल असतं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं सगळ्यात मोठं कारण किडलेले दात आहेत. हे वाचून "आमच्या वेळी आम्ही रोज खायचो, काय झालं?" असं म्हणणं बरोबर नाही.

उत्तर त्या 'आमच्या वेळी'मध्येच आहे. तेव्हा मूल चालत शाळेत यायचं, घरी गोड कमी असायचं आणि दिवसातली बरीचशी साखर त्या एका वाडग्यात असायची. आज तोच वाडगा सकाळचं गोड सिरिअल, रसाचा डबा आणि संध्याकाळची बिस्किटं यांच्यावर येऊन पडतो. रेशनिंग उठल्यावर ब्रिटनमध्ये माणशी साखर जवळजवळ दुप्पट झाली. २०२४मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने याच घटनेचा उपयोग केला. गर्भात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला रेशनमुळे कमी साखर आली, त्यांना मोठेपणी टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. हा अभ्यास तान्ह्या वयाचा आहे, शाळेच्या पुडिंगचा नाही. पण साखर किती लांबवर हिशेब ठेवते, ते त्यातून दिसतं.

मग पुडिंग बंदच करायचं का? इंग्लंडचे २०१५पासूनचे नियम तसं म्हणत नाहीत. आठवड्यातून किमान दोनदा पुडिंगमध्ये निम्मं फळ हवं, चॉकलेट आणि गोळ्या-मिठाया शाळेत नकोत, असा त्यांचा रोख आहे. सफरचंदाचं क्रम्बल, म्हणजे शिजवलेल्या फळावर पीठ-लोण्याचा भुगा घालून भाजलेलं पुडिंग, या नियमात छान बसतं. माझ्या मते दुधातली खीर-पुडिंगं कमी साखरेत परत यायला हवीत. आपल्या घरांत मुलं रव्याची खीर आवडीने खातात, तर ती नीट शिजवली आणि वेलची टाकली तर इथलीही खातील.

इथल्या मराठी आईबापांसाठी एक कामाची गोष्ट. शाळेच्या स्वयंपाकघराला विचारायला संकोचू नका. जेलीत बहुधा जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. सूएट कोणतं, हेही विचारा. मी विचारलं तेव्हा डिनर लेडीने मला आत बोलावून पाकीट उलटून दाखवलं होतं.

## मोदकपात्रातली रोली-पोली

शेवटी न राहवून मी घरी रोली-पोली करून पाहिली. २०० ग्रॅम फुगणारा (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला) मैदा, १०० ग्रॅम वनस्पती सूएट, चिमूट मीठ, लागेल तसं दूध. उकडीसारखं मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. लाटून जॅम पसरताना कडेला बोटभर जागा सोडली, नाहीतर उकडताना सगळा जॅम बाहेर येतो. कापडाला मधे एक सैल चुणी ठेवली, कारण पीठ फुगतं. मोदकपात्रात तिरकी ठेवून दीड तास वाफवली, दोनदा पाणी घालावं लागलं. कापड सोडलं तेव्हा बाहेरून ओलसर पांढरी, आणि आत जॅमची गुलाबी चकली.

आजींना बोलावलं होतं. कस्टर्ड मी मुद्दाम न ढवळता ठेवलं होतं. त्यांनी पापुद्रा पाहिला आणि काही न बोलता तो चमच्याने अलगद दुमडून माझ्या मुलाच्या वाडग्यात ठेवला. मग माझ्या हातातली सुरी घेतली. आम्ही चौघं आणि त्या पाचव्या. सुरी गुंडाळीवर धरून त्यांनी आधी नजरेने अंतर मोजलं, ओठ हलवत आकडे म्हटले आणि पाच तुकडे पाडले. टोकाचा, जॅम न पोचलेला तुकडा त्यांनी स्वतःकडे ओढला. मी तो बदलून द्यायला लागले तर त्यांनी माझा हात धरला.

"टोक वाढणाऱ्याचं," त्या म्हणाल्या.